बूट सापडत नाही

ब्रह्मपुरी तालुक्यात वाघ किती, हे वनखाते मोजते. गुप्तहेर किती, हे कोणी मोजत नाही, कारण तो एकच आहे आणि तो मी. सुनिल ठेंगरी. नजर घारीची, नाक अस्वलाचे आणि स्मरणशक्ती... ती कोणाची म्हणणार होतो, ते आता आठवत नाही.

पोटासाठी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे, म्हणजे काचेच्या नळ्या धुतो. माझे भिंगही तिथलेच. माझा नावलौकिक झाला तो शेजारच्या डोमाच्या कोंबड्याच्या प्रकरणात. कोंबडा नाहीसा झाला, मी तीन दिवस पिसांचा माग काढला आणि सिद्ध केले की तो डोमाच्याच घरच्या बारशात शिजला होता आणि त्या पंगतीत सर्वांत जास्त वेळा रस्सा मागणारा इसम मीच होतो. गुन्ह्याच्या इतके जवळ फार थोडे गुप्तहेर पोचतात.

माझी सहायक म्हणजे माझी पत्नी दुर्गा. ती अंगणवाडी सांभाळते आणि मोपेड चालवते. मला मोपेड येत नाही. विचार करणाऱ्या माणसाने हँडल धरू नये, असे माझे मत आहे. दुर्गाचे मत वेगळे आहे, पण ते तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगून संपवले.

त्या रविवारी सकाळी दहाला फारूकभाऊंचा फोन आला. ते घरीच बसून लग्नपत्रिका आणि नाटकांची पोस्टरे तयार करतात.

"ठेंगरीभाऊ, कम्प्युटर सुरू नाई होऊन राह्यला. जरा येता का?"

"तुम्हाला मेकॅनिक पाहिजे की गुप्तहेर?"

"मेकॅनिकच पाह्यजे होता. पण तो लग्नाले सिरोंच्याले गेला."

प्रकरण गंभीर होते. मी दुर्गाच्या मागे मोपेडवर बसलो.

फारूकभाऊंच्या समोरच्या खोलीत कम्प्युटर होता आणि त्याच्या शेजारी खुर्चीत मफलर गुंडाळून नानाजी बसले होते. नानाजींना पूर्व विदर्भाच्या आमच्या झाडीपट्टीत कोण ओळखत नाही? तीसच्या वर नाटके लिहिली त्यांनी. दिवाळी झाली की गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि त्यातल्या कोणत्यातरी मंडपात नानाजींचे नाटक असतेच. पण गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. पेन धरवत नाही. म्हणून या वेळी ते चार दिवस रोज संध्याकाळी इथे बसून तोंडाने सांगत गेले आणि फारूकभाऊ टाइप करत गेले. नाटकाचे नाव 'उंबरा बोलला नाही'. पहिले दोन अंक छापून नटांच्या हातात पडले होते. तिसरा अंक कम्प्युटरच्या पोटात होता. दुपारी दोनला तालीम, आणि दुसऱ्या दिवशी धानोऱ्याकडच्या एका गावात पहिला प्रयोग.

"नानाजी, पुन्हा सांगता नाही येणार?" मी विचारले.

"सांगीन ना. पण थे वेगळं निंघन," ते म्हणाले. "पहिले कसं आलं होतं, थे मले आता मालूम नाई."

त्यांचा हात गुडघ्यावर थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली झाकला. मी भिंग बाहेर काढले.

फारूकभाऊंनी बटण दाबले. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. मी भिंगातून पाहिले. अक्षरे मोठी झाली, पण इंग्रजीच राहिली.

"नो बूट डिव्हाइस," दुर्गाने वाचले.

मला एवढे पुरे होते. "फारूकभाऊ, या घरातून कोणाचे बूट चोरीला गेले?"

ते काही बोलायच्या आत मी अंगणात पोचलो होतो. सात जोड चपला आणि एक सँडल. एकच. मी ते उचलून आत आणले.

"चोराचा एक पाय अनवाणी होता," मी म्हणालो.

"दुसरं कुत्र्यानं नेलं, भाऊ. मागच्या महिन्यात," फारूकभाऊ म्हणाले. "आन् इथी बूट म्हंजे जोडा नाई. मशीन सुरू होणं, त्याले बूट म्हंते."

"मला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे का, ते पाहत होतो."

आता आतून तपास करणे भाग होते. मी डब्याचे झाकण उघडले. आत धूळ होती, एक केसाची पिन होती आणि पालीचे एक अंडे होते. मी सायकलचा पंप मागवला आणि जोरात हवा मारली. धुळीचा जो लोट उठला, त्यात काही वेळ घरातले कोणीच दिसेना. नानाजी खोकत राहिले. दुर्गाने त्यांना पाणी दिले आणि माझ्या हातून पंप काढून घेतला. मी झाकण लावले, तेव्हा एक स्क्रू उरला.

"हा कुठला?" मी विचारले.

"तुमचाच असन," दुर्गा म्हणाली.

मी तो पुरावा म्हणून खिशात ठेवला. फारूकभाऊंनी बटण दाबले. पुन्हा तीच पांढरी अक्षरे. आता एकच शक्यता राहिली होती. हे काम माणसाचे होते.

"काल इथे कोण आलं होतं?"

"वारलू," फारूकभाऊ म्हणाले.

वारलू म्हणजे नाटक मंडळीचा मुख्य नट, नायिकेच्या नवऱ्याची भूमिका करणारा. आणि नेमका तोच त्या क्षणी दारात उभा राहिला. तिसऱ्या अंकाचे कागद न्यायला आला होता. मी त्याला बसू दिले नाही.

"काल संध्याकाळी या खोलीत काय करत होता?"

"चहा पेत होतो."

"कम्प्युटरला हात लावला?"

"टेबलाले टेकलो होतो थोडा."

"टेकलो होतो," मी खोलीला ऐकवले. "कबुली झाली. तिसऱ्या अंकात याचे संवाद कमी आहेत. तो राग मनात धरून याने अंकच बंद पाडला."

"तिसऱ्या अंकात काय आहे, थेच मले मालूम नाई," वारलू म्हणाला. "म्हणून तं आलो."

"जे मालूमच नाई, थ्याचा राग कोण धरते?" दुर्गा म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण वारलूचा चेहरा पाहून मी ते दिले नाही. रंगमंचावर तो ठरल्या वेळी रडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तसली काही वेळ ठरलेली नव्हती.

"उद्या मी दोन हजार माणसाईपुढं उभा राहीन," तो म्हणाला. "दोन अंक बोलीन. मंग पुढं काय बोलू?"

साडेबारा वाजले होते. नानाजी हळूच म्हणाले, "फारूक, जाऊ दे थे मशीन. कागद घे. मी सांगतो."

त्यांनी डोळे मिटले. एक वाक्य सुरू केले, अर्ध्यावर सोडले. दुसरे सुरू केले. मग मान हलवली. "नाई. हे थे नाई."

 मी भिंग खिशात घातले. मला काहीच सुचत नव्हते. कोंबड्याच्या वेळीसुद्धा असे झाले नव्हते.

तेवढ्यात फारूकभाऊंच्या पत्नी, खातूनभाभी, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या.

"तुमचं होत राहीन, मी माहा पेनड्राइव्ह नेऊ का?" त्या म्हणाल्या. "माही भाची आफ्रीन, तिच्या लग्नाची शूटिंग आहे थ्यात. टीव्हीवर पाहाची आहे."

"भाभी, घटनास्थळावरून काही हलवू नका," मी म्हणालो.

पण त्यांनी टेबलामागे हात घालून बोटाएवढे काहीतरी उपटले होते आणि त्या आत गेल्याही होत्या. फारूकभाऊंनी सवयीने बटण दाबले.

पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. आणि पडद्यावर धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातशेतीचे, चित्र आले, त्यावर फारूकभाऊंच्या सगळ्या फायली.

फारूकभाऊंनी टेबलामागे वाकून पाहिले. मग म्हणाले, "रातच्याला शूटिंग पाहाले तिनं थे मागून लावलं असन. मशीन सुरू होताना पहिले पेनड्राइव्हमंधी पाह्यते. थ्यात लग्न होतं. तिथीच अटकली."

"लग्नाले गेलेलं कोण टायमावर वापस येते?" दुर्गा म्हणाली.

"माझा चौथा संशय पेनड्राइव्हवरच होता," मी म्हणालो. पण प्रिंटर सुरू झाला होता, आणि त्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नसावे.

कागद गरम असतानाच वारलूने तिसरा अंक मोठ्याने वाचायला घेतला. दुसऱ्या अंकात नवऱ्याने नायिकेची, पार्वताची, शिलाई मशीन विकून स्वतःला मोटारसायकल घेतलेली असते आणि भांडणात तिला माहेरी घालवलेले असते. तिसऱ्यात त्याला पश्चात्ताप होतो. तो तिच्या माहेरच्या दारात येतो, हात जोडतो, आणि पार्वता उंबरा ओलांडून त्याच्यासोबत निघते. वारलूने असे वाचले की दुर्गाने डोळे टिपले. नानाजी मफलरमध्ये तोंड खुपसून म्हणत होते, "हेच. हेच होतं."

आतल्या खोलीतला लग्नाचा आवाज बंद झालेला मला आधी कळला नाही. खातूनभाभी दारात उभ्या होत्या.

"नानाजी, एक विचारू का?"

"विचारा ना, बाई."

"थ्या पोरीची शिलाई मशीन कुठी गेली?"

नानाजींनी वर पाहिले.

"चारही दिवस मी भाकरी करता करता आयकत होती," त्या म्हणाल्या. "थ्यानं मशीन विकली. मंग हात जोडले, आन् हे निंघाली. मशीनचं कोणीच नाई बोलत. थ्या मशीनवर पोट होतं तिचं."

वारलूने हातातल्या कागदाकडे पाहिले. "खरं आहे," तो म्हणाला. "मी खाली हातानं काऊन येऊन राह्यलो?"

हरवलेल्या वस्तू शोधणे हा माझा धंदा. अख्खा अंक मी कान देऊन ऐकला होता, आणि एक अख्खी शिलाई मशीन हरवली आहे हे मला कळले नव्हते.

नानाजींनी मान खाली घातली. मला वाटले, त्यांना वाईट वाटले. मग त्यांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला.

"फारूक, बस समोर. बाई, तुमी बी बसा इथी."

खातूनभाभी स्टुलावर टेकल्या. दोनला तासभर बाकी होता. नानाजींनी डोळे मिटले. हात थरथरत होता, पण आवाज थरथरत नव्हता.

"पार्वता उंबऱ्यावर उभी. नवरा हात जोडते. पार्वता थ्याच्या जोडलेल्या हाताईकडं पाह्यते. मंग थ्याच्या मोटारसायकलकडं पाह्यते. आन् म्हंते..."

इथे ते थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि खातूनभाभींकडे पाहिले. भाभींनी पदर सारखा केला, एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"पहिले मशीन आण. मंग बोलू."

फारूकभाऊंनी ते जसेच्या तसे टाइप केले.