श्रमसाफल्य ले-आउटचे अतिरिक्त समाधान

माणूस सुखी आहे की दुःखी, हे त्याचं त्याला कळत नाही. ते कळायला प्रश्नावली लागते. याच एका सत्यावर सामाजिक शास्त्रांचा सगळा डोलारा उभा आहे, आणि त्यातल्या एका खांबाला गेली कित्येक वर्षं मी टेकून उभा आहे. (खांबाची अद्याप तक्रार नाही.)

मी नागपुरात संशोधन पद्धती शिकवतो. माझ्या हाताखाली एकोणीस जणांची पीएचडी झाली आणि एकोणीसही प्रबंधांत गृहीतक सिद्ध झालं. पदार्थविज्ञानवाल्यांना हे जमत नाही. त्यांचे प्रयोग फसतात बिचाऱ्यांचे. आमच्याकडे निष्कर्ष आधी ठरलेला असतो, त्यामुळे फसायला जागाच राहत नाही.

विसावी मुग्धा. पोरगी हुशार, फक्त शंका फार. तिचा विषय होता, ‘उमरेड रोडवरील श्रमसाफल्य ले-आउटमधील रहिवाशांचे शहर बससेवेविषयीचे समाधान : एक चिकित्सक अभ्यास’. (चिकित्सक हा शब्द शीर्षकात घातला की मग आत घालावा लागत नाही.)

त्याचं असं झालं, की ले-आउटच्या (म्हणजे आमच्याकडे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या) लोकांनी संध्याकाळसाठी आणखी एक बस मागितली होती. सीताबर्डीहून साडेसातला निघणारी एकच बस, तीही आली तर आली. पण अर्ज आला म्हणून लगेच बस देऊन टाकणं अशास्त्रीय असतं. म्हणून संबंधित कार्यालयाने माझ्याकडून सर्वेक्षण मागवलं आणि मी ते मुग्धाच्या गळ्यात घातलं. एका दगडात तिचा प्रबंध आणि माझा अहवाल. गृहीतक मी स्वतः लिहून दिलं, ‘रहिवासी समाधानी आहेत.’ असमाधानी धरले तर पुढे उपाय सुचवावे लागतात, आणि उगाच पानं वाढतात.

नमुना निवड यादृच्छिक होती. म्हणजे भर मे महिन्यात, दुपारी, ज्या घरात कुलर सुरू असेल ते घर. विभागातल्या काही जळकुट्या मंडळींनी शंका काढली, की दुपारी घरी सापडणारा माणूस बसने जातच नाही. जाणारे सगळे कामावर असतात. मान्य. पण कामावर गेलेल्या माणसाला गाठायला मुग्धानं जायचं कशानं? बसनं? ती तर साडेसातला.

उत्तरांची श्रेणी एक ते पाच. एक म्हणजे अत्यंत असमाधानी, पाच म्हणजे अत्यंत समाधानी. आता इथे आमच्या नागपूरच्या माणसाचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. पंचेचाळीस अंशांत कुणाची तरी लेक दाराशी आली, की तो तिला आत घेतो, पाणी देतो, पन्हं देतो, पोहे खाऊ घालतो, आणि मग विचारतो, काय काम होतं. अशा पाहुणीच्या तोंडावर ‘एक’ म्हणणं त्याच्या जिवावर येतं. बरेच जण उलट मुग्धालाच विचारायचे, तुमाले कितीचा पायजे जी? तिनं संकोचून कागदाकडे पाहिलं, की ते तिची अडचण ओळखायचे आणि पाच द्यायचे. अभ्यासाला इतकं सहकार्य मी अन्य कुठे पाहिलं नाही.

संपूर्ण नमुन्यात त्या साडेसातच्या बसने रोज येणारी एकच व्यक्ती सापडली. अस्मिता. सीताबर्डीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी, परीक्षेच्या सुटीमुळे घरी असलेली. तिचे वडील चंद्रभान यांनी कोर्सला परवानगी देताना एकच अट घातली होती : बस आहे तोवर शिक. शेअरिंग ऑटो अर्ध्या वाटेत सोडतो आणि पुढचा रस्ता अंधाराचा, त्यामुळे त्यांचंही फार चुकत होतं असं नाही. अस्मिताला त्या बसबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. ‘एक’ म्हणायला तिनं तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात तिची आई पार्वतीबाई मुग्धाला पोहे वाढता वाढता विचारत होती, की बाई, अजून किती वर्षं चालते हे तुमचं शिक्षण. मुग्धानं खरं ते सांगून टाकलं : चार वर्षं झाली, घरचे लग्नासाठी मागे लागलेत, आणि गृहीतक चुकलं तर सर सगळं पहिल्यापासून करायला लावतील.

अस्मितानं पोह्यांची बशी मुग्धाकडे सरकवली. मग म्हणाली, “ताई, पाचच लिहा. तुमची पीएचडी आमच्यापायी काहून अडकून राहावी?”

मुग्धानं हे मला येऊन सांगितलं आणि तळटीप टाकू का म्हणून विचारलं. तिचे डोळे भरले होते. मी समजावलं, की प्रतिसादकाचं उत्तर हे उत्तर असतं. त्याच्या मनात शिरणं संशोधन नीतीत बसत नाही. तळटीप गेली.

सीताबर्डीच्या एका गल्लीत ताराचंदचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बाइंडिंग आणि संख्याशास्त्र. एरवी तो फक्त निष्कर्ष विचारून घेतो आणि आकडे स्वतः बसवतो. या वेळी त्याला हात लावायची गरजच पडली नाही. सरासरी समाधान चार पूर्णांक सत्त्याण्णव. (तिघांनी चार दिले, त्यांच्याकडे पोहे संपले होते.) ताराचंद चक्क हिरमुसला.

अहवाल गेला आणि कार्यालयात आनंदीआनंद झाला. नवी बस अर्थातच नामंजूर. समाधानी माणसाला बस देऊन करायचं काय? पण तिथले एक अधिकारी आकडेमोडीचे शौकीन निघाले. आवश्यक समाधान साडेतीन, प्रत्यक्षात जवळपास पाच, म्हणजे श्रमसाफल्य ले-आउटकडे दीड बिंदू अतिरिक्त समाधान पडून आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. ते वाया का घालवायचं? साडेसातची बस त्यांनी कमी समाधान असलेल्या एका वस्तीला वळवली. पुढच्या महिनाभरात ले-आउटमधून ‘बस उशिरा येते’ अशी एकही तक्रार आली नाही. मुग्धाला पीएचडी मिळाली.

त्यानंतर एकदा अस्मिता माझ्या विभागात आली. तिला मी आधी पाहिलेलं नव्हतं. भांडायला आली असेल म्हणून मी सावरून बसलो, तर ती उभ्याउभ्याच म्हणाली, “सर, बाबा आता कॉलेजले जाऊ देऊन नाही राहिले. पाच म्या ताईले देले होते, त्या बसले नाही.”

मी तिला बसवलं, चहा मागवला आणि शास्त्र समजावून सांगितलं. एकटीचं दुःख हे आमच्या शास्त्रात दुःख नसतं, त्याला अपवादात्मक मूल्य म्हणतात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. अगदी जेवणापर्यंत वाटत होतं. जाताना शिपायानं नियमाप्रमाणे तिच्याकडून अभ्यागत अभिप्राय घेतला. तिनं पाच दिले. कारण विचारलं तर म्हणे, तुमी चहा पाजला न जी.

आता तुम्ही चुकचुकताय, ते बरोबरच आहे. पोरगी फारच भिडस्त. पण परवा तुमच्या घरी पाण्याचं फिल्टर दुरुस्त करून झाल्यावर तो माणूस मोबाइल पुढे करून दारात उभा राहिला, तेव्हा तुम्ही किती तारे दिले? फिल्टर अजून गळतंय, खाली पातेलं लावलंय, आणि तुमच्या भागात तक्रारच नाही म्हणून तिथला दुसरा मेकॅनिक कंपनीनं काढून टाकलाय. हवं तर फोन करून सांगा त्यांना. फोनवरची मुलगी फार गोड बोलेल, काहीही करणार नाही, आणि शेवटी विचारेल, माझ्या बोलण्याने आपलं समाधान झालं का? तुम्ही हो म्हणाल.