लांबनं बोलणारे किसनआबा

सत्तर सालच्या आसपास भोरच्या एसटी स्टँडमागं माझं शिंप्याचं दुकान होतं. शेजारी किसनआबांचं बॅटरी चार्जिंगचं. आबांच्या पाया पडायला कुणी वाकलं, की ते टुणकन मागं उडी मारायचे. "लांबनं! कापडाला आसिड हाय!"

खरंच असायचं. त्यांचा सदरा दोरीवर वाळत घातला की चाळण टांगल्यासारखा दिसायचा. मी ठिगळ लावावं, तर आठवड्यात ठिगळालाच भोक. बॅटरी भरताना आबा पुटपुटायचे, "पाण्यात आसिड. आसिडात पाणी न्हाई."

एकदा फौजदारसाहेब विडी ओढत दारात आले. आबांनी विडी सरळ त्यांच्या तोंडातनं काढून पाण्यात बुडवली. "सायेब, बॅटरीतनं वायू निगतोय. तुमी तर उडालच, ह्यो शिंपीबी उडंल!" आबांच्या लेखी माझा नंबर दुसरा, हे मला त्या दिवशी कळलं.

"आबा, इतकं काय भ्यायचं?" मी एकदा हसत विचारलं. ते हसले नाहीत.

"माजी शांता तवा चार वर्सांची आसंल. कामावरनं आलो, तशी मांडीवर येऊन बसली. धोतर आसिडानं भिजलंय, मला ठावं न्हवतं."

घागरीमागून घागरी ओतल्या, पण पोरीचा पाय भाजलाच. त्यानंतर आबांनी तिला कधी जवळ घेतलं नाही. आई नसलेली पोर आत्याच्या अंगाखांद्यावर वाढली. लग्न होऊन विंझरला निघाली, तेव्हाही आबा मांडवाचा खांब धरून लांबच उभे.

एका दुपारी शांता पहिलं बाळ घेऊन दुकानावर आली. "आबा, घ्या की."

"थांब, आंगूळ करून आलो."

सोड्यानं हात धुतले, अंग घासलं. बाहेर आले, हात हुंगले, परत दुकानामागच्या न्हाणीत. तिसऱ्यांदा आत गेले आणि स्टँडवर विंझरची गाडी लागली. घरी सासू आजारी, शांताला थांबता येईना. मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेल्या नाहीत.

"भाजल्यालं मी कवाच इसरले," शांता डोळे पुसत मला म्हणाली. "त्यांना सांगा तेवढं."

आबा ओल्या अंगानं धावत आले, तेव्हा स्टँडवर नुसती धूळ होती. मी निरोप सांगितला. ते रस्त्याकडं बघतच म्हणाले,

"मास्तर, कोरा सदरा शिवा. पर माज्या दुकानात आणू नगा."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच कपडे बदलून ते विंझरला गेले. संध्याकाळी येणार होते. आले पाचव्या दिवशी.

"गाडी चुकली का, आबा?"

"न्हाई वो. बोट धरून झोपतंय. सोडवायचं कसं?"

बोलताना त्यांनी स्वतःचंच बोट दुसऱ्या मुठीत धरलं होतं.