जोमाशेठचा नवा कान

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत जोमाशेठ म्हात्रे यांच्याशी सलग दोन वाक्यं बोलून दाखवावीत. मध्येच त्यांचा हात वर जातो. "थांबा! यो कुनाचा?" म्हणजे हा आवाज कुणाचा? मग तो सापडेपर्यंत तुमचं बोलणं आणि तुमची घाई सगळं खोळंबतं. कधी तो खालच्या मजल्यावरचा कुकर असतो, कधी मागे येणारी गाडी. सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टाकीवर रंगात येऊन बोलत असताना त्यांनी असाच हात वर केला. पंखे बंद झाले, मोबाइल बंद झाले, पण बारीक शिट्टी चालूच. शेवटी जोमाशेठ उठले, माझ्याजवळ आले, माझ्या नाकाकडे बोट दाखवलं आणि समाधानाने जागेवर जाऊन बसले. टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

श्वास घेताना माझं नाक वाजतं हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

जोमाशेठ मूळचे इथल्याच गावचे. आज जिथे आमच्या गाड्या उभ्या राहतात तिथे त्यांची भातशेती होती, आणि पार्किंगच्या प्रत्येक भांडणात ते ही गोष्ट आठवणीने सांगतात. तरुणपणी दगडखाणीवर सुरुंग लावण्यात त्यांचे कान गेले. अलीकडे मुलाने आग्रह करून ऑपरेशन करवलं. कानाच्या आत बारीक तार, कानामागे मशीन, आणि मशीनची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली. एकदा ते लिफ्टच्या दाराला डोकं टेकून उभे होते, तर चकती दारालाच चिकटली. दार सरकलं तसा कान दाराबरोबर निघाला आणि जोमाशेठ "अरं, कान! कान!" करत त्याच्या मागे.

मला वाटलं होतं, ऑपरेशन झालं की दिवा लावल्यासारखं ऐकू येत असेल. तसं नसतं. तारेतून मेंदूला नुसत्या विजेच्या टिचक्या पोचतात. त्यातलं बोलणं कुठलं आणि भांडी कुठली, हे मेंदूला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं. सुरुवातीला जोमाशेठना सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटायची. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, रोज कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि तोंडाकडे न बघता ऐका.

या कामासाठी जोमाशेठनी मला निवडलं.

मी हुरळून गेलो. गणपतीत माइक माझ्याच हातात असतो. माझा आवाज धीरगंभीर आहे असं माझं जुनं मत आहे, आणि त्यावर मी अजून ठाम आहे. रोज सकाळी ते पेपर घेऊन यायचे, माझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि मी अग्रलेखापासून भाजीच्या भावापर्यंत सगळं वाचायचो. ऐकलेलं वाक्य ते परत म्हणून दाखवत. चुकले की मलाच, म्हणजे या काळेसाहेबाला, झापायचे. "काले साएब, भाशन नको. मानसासारका वाचा."

त्यांच्या बायकोला आम्ही ठमाकाकी म्हणतो. काकी नावाजलेल्या धवलारीण आहेत. म्हणजे आगरी लग्नात धवले गाणाऱ्या. त्यांच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. त्यांच्या नातीचं लग्न जवळ आलं होतं. एके दिवशी काकींनी मला जिन्यात अडवलं.

"साएब, तुमचा रोज ऐकतान. घरान आले का मशीन काढून डब्यान ठेवतान. मी बोलाया गेली का हात वर करतान. इतकी वर्सा मी हाताच्या खुनांनी संसार केला. आता हलदीला बी माजा गाना नाय ऐकनार का?"

त्यांचे डोळे भरून आले. मला जोमाशेठचा संताप आला. सांगायला लाज वाटते, पण संतापाच्या खाली जरासा आनंदही होता. बायकोच्या आवाजापेक्षा माझा आवडतो म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकींचा आवाज नकोसा झालाय का तुम्हाला?"

जोमाशेठ पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बसले. "मशीन चालू केला तवा पयला पोरगा बोलला. माजा सोताचा पोरगा, न पत्रा वाजल्यासारका! मी लगेच हात वर केला, तिला बोललो, तू बोलू नको. तिचा आवाज हाय माज्या डोक्यान, लगनाच्या टायमाचा. त्याच्यावर हा पत्र्याचा बसला, तं जुना कुठशी आनू?" मग म्हणाले, "म्हनून पयला तुमचा घेतला. तुमचा बिगरला तरी काय फरक परत नाय."

"मग आता माझा आवाज कसा येतो?"

"पत्राच."

"काकींना हे सांगा तरी."

"नाय. सांगितला तं रोज इचारंल, झाला का, झाला का. तुमचा मानसासारका आयला का मंग तिचा लावीन."

त्या दिवसापासून मी जीव ओतून माणसासारखं वाचलं. भाषणबाजी सोडली, खर्ज सोडला. पत्रा काही जाईना.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात जोमाशेठ खिशातला डबा चाचपत माझ्या शेजारी बसले होते. मशीन लावलेलं नसल्याने ते माझ्या ओठांकडे बघत होते. समोर काकी पदर सावरून गायला बसल्या, यांच्याकडे न बघता.

"लावा," मी म्हणालो.

"कसा लावू? काल बी तुमचा पत्र्याचाच आयला."

"जोमाशेठ, मशीन बरोबर आहे. माझा आवाज मुळातच पत्र्याचा आहे. हवं तर हिला विचारा."

त्यांनी पलीकडे बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने क्षणाचाही विचार न करता मान डोलावली.

जोमाशेठनी डबा उघडला. चकती डोक्याला चिकटली. काकींनी पहिली ओळ उचलली, आणि सवयीने यांचा हात वर गेला. काकी अडखळल्या आणि थांबल्या. सगळा मांडव त्या हाताकडे बघत राहिला. हात हळूहळू खाली आला.

"गा," ते म्हणाले. "गा ना."

त्या गाऊ लागल्या. मी कानाशी वाकून विचारलं, "कसं वाटतंय?"

"सूर नाय कलत," काकींवरची नजर न काढता ते म्हणाले. "पन तीच हाय."

मी काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण जोमाशेठनी माझ्याकडे न बघताच माझ्या नाकाकडे बोट केलं. ती ओळ संपेपर्यंत मी श्वास रोखून बसलो.