रेवतीबाई गोऱ्या केल्या तो प्रसंग

ज्याचे कृपेने रंग चढतो आणि उतरतोही, त्या श्रीरंगास दंडवत. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, चित्रविद्येच्या पाठशाळारूपी राज्यात पुष्कराज दिघावकर दिग्दर्शकपदी विराजमान होते, आणि त्यांनी वर्षअखेरच्या दरबारासाठी एका गाण्याची चित्रफीत करावी ऐसा संकल्प केला. गाणे रेवती घोगरे यांचे, शब्द त्यांचे, गळाही त्यांचाच. वर्ण चांगला काळा, आणि गाण्याचे ध्रुपदच ‘काळी मी, उन्हाची लेक’ ऐसे. मग दगडाच्या खाणीत चित्रण जाहले, आणि कोठे ऊन, कोठे आभाळ, ऐसा गोंधळ होऊन एकाच कडव्यात रेवतीबाई निरनिराळ्या रंगांच्या दिसो लागल्या. तेव्हा सारे चित्रण एका रंगात आणावयाची कामगिरी उल्का सोनटक्के यांजकडे आली. उल्काबाई मोठ्या हुन्नरी, परंतु भिडस्त. त्यांनी संगणकापुढे बैसोन आभाळ मोकळे केले, ऊन निवविले, आणि रेवतीबाईंचे मुखावर ऐसी तकाकी आणिली की आपणच क्षणभर पाहात राहिल्या. मग पुष्कराजांची स्वारी आली आणि वदली, “बाकी झकास. हिला फक्त जरा उजळ कर.” उल्काबाई म्हणाल्या, गाणे काळेपणाचेच आहे. त्यावर आज्ञा जाहली की शब्द कानांसाठी असतात, डोळ्यांस गोरेच रुचते. मग उल्काबाईंनी मान खाली घालोन उजेड चढविला, आणि मुख गव्हाळ जाहले, मग गोरे जाहले, मग उकडलेल्या अंड्याचे तेजास पोहोचले, आणि हात काळेच उरले म्हणोन तेही धुतले, त्यात मागे चरणारी शेळीही गोरी जाहली. पुष्कराज बहुत संतोषले.

परंतु उल्काबाईंस अन्न गोड लागेना. मग भीड गिळोन त्यांनी रेवतीबाईंस फीत दाखविली. रेवतीबाईंनी शेवटपर्यंत पाहिली, पुष्कराजांस बोलाविले आणि शांतपणे म्हणाल्या, “चेहरा दुसरीचा लावलायस, तर गाणंही तिच्याकडूनच म्हणवून घे. माझा आवाज काढ.” पुष्कराजांनी कला, त्याग, मैत्री ऐसे नाना वकील पाठविले, ते सारे हात हलवीत परतले. मग उल्काबाईंनी आवाज बंद करोन फीत चालविली, आणि एक गोरी बाई खाणीत मुकाट तोंडाची उघडझाप करू लागली, शेळी तिजकडे पाहात होती. तेव्हा पुष्कराजांनी तह केला. चढविलेला उजेड सारा उतरविला.

मग दरबार भरला, फीत दाखविली गेली, आणि गुरुजनांनी रंगांची बहुत तारीफ केली. तेव्हा पुष्कराज व्यासपीठी चढोन बोलिले की त्वचेचा खरा रंग हा आपला पहिल्यापासूनचा आग्रह. उल्काबाई जागच्या उठल्या आणि विचारत्या जाहल्या, “तुमच्या आग्रहाची प्रत आहे माझ्याकडं. लावू का?”

सारांश, पुष्कराजांचे मुख भर दरबारी पांढरेफटक पडले, आणि त्यास संगणक लागला नाही. घडले ते ऐसे.