उष्ट्या हळदीचा तपास

माझं मत विचाराल तर ‘तिसरी परीक्षानळी’ ही मालिका घरोघर सक्तीनं दाखवली पाहिजे. मी तिचे दोनशे अठरा भाग एकही न चुकवता पाहिलेत. आता मी शेंद्र्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, आणि दहावीला विज्ञानात काठावर पास झालो होतो, हे दोन्ही खरं. पण त्या मालिकेतला पांढऱ्या कोटाचा डॉक्टर एखाद्या डागाकडं डोळे बारीक करून बघतो ना, तेव्हा त्याच्या आधी मला उत्तर माहीत असतं! माझी बायको सुरेखा म्हणते, “माहीत असणारच. तोच भाग सकाळी पुन्हा बघता तुम्ही.” तिचं मनावर घेऊ नका. ह्या मालिकेनं माझ्या लेकीचं लग्न वाचवलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

गेल्या मे महिन्यात श्रेयाचं लग्न होतं. नवरदेव पिशोरचा, शिवराज नावाचा. आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, नवरीकडं येते आणि मग ती नवरीला लावतात. ती आल्याशिवाय नवरीच्या अंगाला कुणी बोट लावत नाही. तर आदल्या दिवशी दुपारी श्रेया मांडवात पाटावर बसलेली, बायका गाणी म्हणून दमलेल्या, आणि शिवराजचे चुलते कडुबाराव जीपमधून हळदीचं पातेलं घेऊन उतरले. बरोबर त्यांच्याकडच्या दोन बायका. पातेल्याला पांढरं फडकं बांधलेलं.

मी पुढं झालो. फडक्यावर लाल डाग होते. मोठे चार, बारीक अकरा.

मी डोळे बारीक केले.

“कुणी हात लावू नका,” मी म्हणालो. “हे रक्त आहे.”

सगळा मांडव माझ्याकडं वळला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. एवढ्या माणसांनी एका वेळी माझं कधीच ऐकलं नव्हतं. मी लगेच चौकशी सुरू केली.

“पिशोरहून किती वाजता निघालात?”

“बाराला,” कडुबाराव म्हणाले.

“वाटेत कुठं थांबलात?”

“कन्नडला. चहाला.”

“चहा कुणी कुणी घेतला?”

“आवं पाव्हणं, हळद घेता का जबाब घेता?”

तेवढ्यात श्रेयानं शिवराजला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. नऊ वेळा लावला पोरीनं. पिशोरला डीजे लागलेला होता, तिथं कुणाला कशाचं ऐकू जाणार? पण हे आत्ता सांगतोय. तेव्हा ती पाटावरून उठली आणि म्हणाली, “पप्पा, त्याला काही लागलंय का? त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.”

तिचे डोळे भरलेले बघून आपण जरा घाई केली असं वाटायला लागलं. पण एवढ्या लोकांत बोलून बसलो होतो, आता मागं कसं घ्यायचं?

कडुबारावांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. “शुभकार्यात आमच्या हळदीला रक्त म्हणता? लई झालं. आणा ते पातेलं हिकडं. ही हळद चालली पिशोरला माघारी.”

त्यांच्याबरोबरच्या दोन्ही बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. हळद माघारी गेली की लग्न मोडलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सुरेखानं मला कोपरानं ढोसलं. “अहो, हात जोडा त्यांना. आत्ताच्या आत्ता.”

मी हात जोडणारच होतो, पण माझी चुलती, दगडाकाकू, खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली, “काकासाहेब, काय येड्यावाणी करतो रे? धुण्याची पावडर फडक्यातून नीट निघाली नसंल. त्याच्यावर ओली हळद सांडली का लाल होती. धुणं धुणाऱ्या कोण्याबी बाईला इचार.”

“काकू, असं तोंडी चालत नाही,” मी म्हणालो. “प्रयोग लागतो.”

कडुबाराव जीपकडं निघाले होते ते वळले. “करा मग. आत्ता, माझ्यासमोर. हळद हाये हे दाखवा, नायतर रक्त हाये हे दाखवा.”

आमचे आचारी वहाबभाई मांडवामागं भज्यांचं पीठ भिजवत होते. धुण्याची पावडर नसली तर सोडाही चालतो, हे मला मालिकेमुळं माहीत. मी आवाज दिला, “वहाबभाई, खायचा सोडा द्या.”

“कित्ता होना, साहब?”

“चिमूटभर.”

त्यांनी पुडाच आणून दिला. सुरेखा म्हणाली, “अहो, घरातली हळद घ्या वाटीभर.” मी तिला समजावलं की नमुना मूळचाच लागतो. दोनशे तिसऱ्या भागात हीच चूक झाली होती आणि आरोपी सुटला होता. मी पातेलं उघडलं, कडेला थोडासा सोडा टाकावा म्हणून पुडा वाकडा केला. सोडा पडेना. दमट हवेनं त्याचा गोळा झाला होता. मी मागून टिचकी मारली.

सगळा पुडा पातेल्यात पडला.

काढायला म्हणून मी पळी घातली, तर ढवळलं गेलं. आख्खी हळद लालभडक झाली! पण प्रयोग तर यशस्वी झाला होता. माझा ऊर भरून आला. “बघा,” मी म्हणालो, “रक्त नव्हतं. सिद्ध झालं.”

“रक्त नव्हतं, ते समजलं,” कडुबाराव सावकाश म्हणाले. “आता माझ्या पुतण्याची उष्टी हळद कुठंय?”

कुणीतरी म्हणालं, दुसरी कालवू. त्यांच्यातली थोरली बाई फणकारली, “दुसरी कशी चालंल? नवरदेवाच्या अंगाची हीच. आन् असली लाल आम्ही नवरीला लावू देणार नाय.”

श्रेया माझ्याकडं बघत होती. रागानं नाही हो, तेच वाईट. बाप काहीतरी करंल, असं बघत होती. डॉक्टर अशा वेळी काय करतो? एकशेसतराव्या भागात केलं होतं त्यानं. आंबट!

“वहाबभाई, लिंबं आणा.”

“कित्ते होना?”

“असतील तेवढी.”

“फिर सलाद में क्या डालूं मैं?”

“आधी लग्न तर लागू द्या, भाई.”

पहिलं लिंबू पिळलं आणि पातेलं फसफसून वर आलं. बायका मागं सरकल्या. दगडाकाकूनं हात जोडले. मी पिळत राहिलो. फेस मनगटापर्यंत आला, सोडलं नाही. दहाव्या लिंबाला हळद नारिंगी झाली. मग कडुबारावांनी बाह्या सारल्या, माझ्यासमोर बसले आणि तेही पिळायला लागले. एकोणतिसाव्या लिंबाला पातेलं पिवळंधमक झालं. कडुबारावांनी बोट बुडवलं, निरखलं, वास घेतला.

“व्हय,” ते म्हणाले, “आपलीच.”

आणि शिवराजचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, मागं डीजे. “श्रेया, नऊ मिस्ड कॉल? काय झालं?” ती हसली, रडली, आणि जाऊन पाटावर बसली. हळद लागली! कडुबारावांनी मला मिठी मारली. “पाव्हणं, डोकं लई चालतं तुमचं.” सुरेखा हळूच म्हणाली, “रक्त रक्त कोण ओरडलं होतं आधी?” गडबडीत मला ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक मांडवात अशी उजळून आली की फोटोवाला म्हणाला, मेकअप पुसला तरी चालंल. सगळ्या बायका त्या हळदीचं विचारत होत्या. माझं नाव कॉलनीभर झालं. आठवड्यात गल्लीतल्या विश्वजीतच्या आईचा, करुणाताईंचा, फोन आला. “काकासाहेब, उद्या आमच्याकडं तुमच्याशिवाय अडलंय.”

मी पांढऱ्या शर्टला कडक इस्त्री केली, खिशात भिंग ठेवलं आणि वेळेवर पोचलो. करुणाताईंनी मला पाटावर बसवलं. पुढं हळदीचं पातेलं, सोड्याचा पुडा आणि परातभर लिंबं ठेवली.

“गुन्हा काय झालाय?” मी विचारलं.

“विश्वजीतची हळद आहे, लिंबं पिळा आधी,” त्या म्हणाल्या. “आणि बिया पडू देऊ नका.”