रजा.नको

जन्मनोंदणी कार्यालयातल्या मोठ्या बाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवसांची रजा हवी होती. पूर्वी अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला की काम होत असे. सोमवारपासून मात्र नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि कागद बंद झाला होता.

बाईंनी अर्ज टाइप करून जतन केला. लगेच पडद्यावर चार फोल्डर उगवले : ‘माझे’, ‘माझे नवे’, ‘माझे नवे खरे’ आणि ‘रिकामे’. बाईंनी ‘रिकामे’ पुसून टाकला, तर त्याच्या जागी ‘रिकामे १’ आणि ‘रिकामे २’ हजर. अर्ज एकदाचा ‘माझे नवे खरे’मध्ये सापडला. त्याचं नाव झालं होतं ‘रजा.नको’.

“अहो, हे ‘नको’ कुठून आलं?” त्यांनी संगणकवाल्याला विचारलं.

“‘नवीन कोष’ हे या सॉफ्टवेअरचं नाव. त्याचं लघुरूप. प्रत्येक फाइलीला लागतंच.”

“आणि हे फोल्डर?”

“ते त्याचे त्याला लागतात. तुम्ही फक्त हात लावू नका.”

साहेबांनी अर्जाचं नाव वाचलं. उघडण्याची गरज त्यांना भासली नाही. ‘रजा नको. विनंती मान्य,’ असा शेरा त्यांनी तत्परतेने मारला.

बाईंनी खुलासा धाडला. तो ‘खुलासा.नको’ म्हणून पोचला. साहेबांनीही आग्रह धरला नाही. मग बाईंनी चिडून तक्रार केली. ‘तक्रार.नको’ वाचून साहेब गहिवरले. कर्मचारीच तक्रार नको म्हणतात, असं त्यांनी वर कळवलं. वरून प्रणाली सगळ्या कार्यालयांना लागू झाली.

“साहेब, मला रजा हवीय हो!” बाई शेवटी त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या.

“बाई, तोंडी काय, कुणीही काहीही बोलतं. लेखी तर तुम्ही उलटंच दिलंय.”

बाईंनी पर्स उचलली आणि तडक लेकीचं घर गाठलं.

पंधरा दिवसांनी त्या धास्तावत परतल्या. त्यांची गैरहजेरी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्यांच्या नावाने रोज वीस-वीस फोल्डर तयार होत होते आणि कामाच्या या झपाट्यावर साहेब बेहद्द खूश होते.

बाईंनी आधी नातीची नोंद केली. दाखल्यावर ठळक छापून आलं : ‘मुलगी.नको’. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज केला.

महिनाअखेरीस अर्जांची छाननी झाली. ‘मुलगा.नको’ असा दाखला मिळालेले एकशे चाळीस पालक धावत आले होते. ‘मुलगी.नको’बद्दल अर्ज एकच होता, बाईंचा. बाकी कुणाला त्यात चूक दिसली नव्हती.