एका तोंडाच्या भट्टीची आणि दोन भावांची हकीकत

श्री अग्निनारायणास नमन, धुराड्यातून धूर ओढून नेणाऱ्या वायुदेवास नमन, आणि ज्या माउलीने प्रथम ओले लाकूड बाजूस सारून वाळके चुलीत घातले, तिचे नाव कोणास ठाऊक नाही, तीसही नमन. शके सोळाशे चौऱ्याऐंशी, चित्रभानुनाम संवत्सर, पौष मास. संवत्सराचे नाव अग्नीचे, परंतु थंडी ऐसी पडली की घाटमाथ्यावरील त्या राज्यात गवतावर पांढरे हिंव बैसू लागले, घागरीच्या तोंडाशी पाण्याची पापडी धरू लागली, आणि सूर्य दोन प्रहरीही धुक्यातून तोंड काढीना. राज्याचे नाव लिहीत नाही. तेथे जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो.

त्या राज्याचे धनी दोघे भाऊ. थोरले श्रीमंत भवानजीराव, धाकटे श्रीमंत सुभानराव. लहानपणी एका ताटात जेवले, एका घोड्यावर बसून पडले, आणि थोरपणी दसऱ्याच्या स्वारीत हत्तीवर पुढे कोणी बसावे यावरून त्यांचे वाकडे आले. राज्यात हत्ती एकच होता, तोही वृद्ध. दोघे श्रीमंत एकदमच चढू लागले, तेव्हा हत्ती भर बाजारात खाली बैसला आणि उठेना, आणि लोक हसले. ते हसणे दोघांसही लागले आणि दोघांनीही त्याचा दोष एकमेकांवर घातला. मग बोलाचाली जाहली, मग अबोला जाहला, मग पंच बसून राजमहालाची व मुलखाची वाटणी जाहली. महालाच्या मधोमध आजोबांनी बांधविलेली हातभर रुंद दगडी भिंत होती, तीच पंचांनी हद्द धरिली. त्या भिंतीच्या पोटात भट्टी होती. माघापर्यंत घर उबदार राहावे म्हणून आजोबांनी मोठ्या हौसेने ती करविली होती. लाकडे घालावयाचे तोंड एका अंगास, आणि पाठ दुसऱ्या अंगास, पाठीशी टेकून बसावयास मातीचा रुंद ओटा. आत धुराची वाट भिंतीतल्या भिंतीत वळसे घेऊन वर धुराड्यास मिळे, त्यामुळे जाळ थोडा वेळ केला तरी भिंत दिवसभर ऊब देत असे. वाटणीत भट्टीचे तोंड धाकट्यांच्या माजघरात गेले, आणि पाठ व ओटा थोरल्यांच्या शेजघरात. आणि रान थोरल्यांकडे गेले.

तेव्हा सुभानराव बोलिले, "तोंड आमचे, पाठ त्यांची. आम्ही फुंकावे आणि त्यांनी शेकावे? हे होणे नाही." आणि भट्टीचे तोंड विटा लावून मातीने लिंपून टाकिले. हे भवानजीरावांस समजले. ते बोलिले, "मग सर्पण तरी त्यास कशास?" आणि रानाच्या वाटेवर चौकी बसविली की धाकट्यांकडे काटकीही न जावी. येणेप्रमाणे एकाकडे लाकडांचे ढीग आणि भट्टी नाही, दुसऱ्याकडे भट्टी आणि लाकूड नाही, आणि दोन्ही घरांत माणसे घोंगड्या पांघरून दात वाजवीत बसलेली, ऐसा कारभार चालिला. प्रजा पाहत होती. प्रजेच्या घरी चुली पेटलेल्या होत्या.

थोरल्यांच्या कुटुंबाचे नाव मैनाबाईसाहेब, धाकट्यांच्या कुटुंबाचे गजराबाईसाहेब. या दोघी जावा सख्ख्या बहिणींपरीस अधिक होत्या, परंतु अबोल्याच्या हुकुमापुढे त्यांचेही चालेना. मैनाबाईसाहेब त्या समयी गरोदर होत्या, नवसाने आणि पुष्कळ वर्षांनी. थंडी वाढली तेव्हा भवानजीरावांनी शेजघराची दारे-खिडक्या गच्च लावून कोळशाच्या शेगड्या आत ठेवविल्या. ऊब आली खरी, परंतु बाईसाहेबांचे पाय चेपणारी दासी बसल्या जागी कलंडली आणि बाईसाहेबांचेही डोके गरगरू लागले. वैद्य धावत आले, दारे उघडविली, दासीस अंगणात वाऱ्यावर नेऊन निजविले, तेव्हा ती सावध जाहली. वैद्यांनी हात जोडून सांगितले, "सरकार, कोंडलेल्या खोलीत निखारे म्हणजे विषच. दार लावाल तर शेगडी नको, शेगडी ठेवाल तर दार उघडे." आणि दार उघडावे तर बोचरा वारा आत येई. कारभाऱ्यांनी हळूच अर्ज केला, "धाकट्या सरकारांस एक शब्द टाकिला तर भट्टी पेटेल." भवानजीराव बोलिले, "त्या उंबऱ्यावर भवानजी जाणार नाही."

मग पौष वद्यात एके दिवशी, धुके दाट पडले असता, सकाळी मैनाबाईसाहेब प्रसूत जाहल्या. दिवस भरले नव्हते. कन्यारत्न जाहले, परंतु इतके लहान की सुईण राहीबाईच्या दोन तळव्यांत मावले, आणि रडणे मांजरीच्या पिलासारखे. बाईसाहेबांनी लेकीस पदराआड छातीशी धरिले, परंतु त्यांचेच अंग गार पडलेले. राहीबाईने लेकराचे पाय चाचपिले आणि ती उठली, आणि थोरल्यांच्या दरवाजातून निघून बाजाराच्या अंगाने वळसा घालून धाकट्यांच्या दरवाजात उभी राहिली. पहारेकऱ्याने अडविले. ती म्हणाली, "तुझा जन्मही माझ्याच हातचा आहे, बाजूस हो." आणि थेट माजघरात जाऊन गजराबाईसाहेबांस म्हणाली, "धाकट्या बाईसाहेब, तुमच्या जावेस लेक झाली. कच्ची आहे. दूध ओढीना, पाय पाण्यासारखे गार. ती भिंत तापली तर पोर राहील, नाहीतर सांगवत नाही. मला कोणी पाठविले नाही. माझी मी आले." आणि आली तशी माघारी गेली, कारण तिचे काम पलीकडे होते.

गजराबाईसाहेब क्षणभरही बसून राहिल्या नाहीत. अंगणातून पहार आणविली, पदर खोचिला, आणि स्वहस्ते भट्टीच्या तोंडावरील विटा पाडू लागल्या. आवाज ऐकून सुभानराव आले आणि म्हणाले, "हे काय चालविले आहे?"

"भट्टी उघडते आहे."

"आमचा हुकूम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. हुकूम मोडल्याची शिक्षा उद्या सांगा. आज मला फुरसत नाही," ऐसे बोलून बाईसाहेबांनी पहार घातली आणि शेवटली वीट आत पडली. आणि भट्टीच्या काळोख्या पोटातून, मातीच्या पातळ पाठीपलीकडून, एक बारीक कण्हणे आले. मग थांबले. मग पुन्हा आले, पहिल्याहून बारीक. सुभानराव वाकून ऐकत राहिले. मग विचारिले, "हे कोण?"

"तुमची पुतणी."

बाईसाहेबांनी धुराड्यातले पाखरांचे घरटे बांबूने ढकलून काढिले, केरसुण्या मोडून खाली घातल्या, त्यावर पाटांच्या फळ्या उभ्या केल्या आणि चुलीतला शेवटल्या गोवरीचा निखारा आणून फुंकर घातली. जाळ धरिला, धूर आधी माजघरात पसरला, मग धुराडे तापले आणि धूर आपल्या वाटेने वर जाऊ लागला. पाट जळाले, खाटेचे पाय जळाले, धान्याच्या कोठीचे झाकण जळाले, आणि भिंत अजून गारच. सासूबाई सांगत असत की ही भिंत आधी आपण पोटभर पिते, मग दुसऱ्यास देते. बाईसाहेब भिंतीस तळवा लावून म्हणाल्या, "पी बाई, लवकर पी." आणि जाळावयास आता जवळ काही उरले नाही. तेव्हा अंगणात कुऱ्हाडीचे घाव पडू लागले. पाहतात तो खासा सुभानराव आपली सागवानी पालखी फोडीत आहेत. ती पालखी सासरवाडीची, कोरीव दांडीची, तीवर त्यांचा जीव. भोई कपाळास हात लावून उभे. त्यांतील एक जाणता भोई म्हणाला, "सरकार, उद्या स्वारी निघेल कशातून?" सुभानराव घाव घालीतच म्हणाले, "पाय दिले आहेत देवाने." आणि फळ्या कवेत घेऊन आत आले, आणि भट्टीपुढे मांडी घालून बसले, आणि एकेक फळी सारू लागले.

पलीकडे भवानजीराव ओट्यापाशी उभे होते. राजा होते, परंतु त्या समयी हुकूम करावा ऐसे काहीच हाताशी नव्हते. मैनाबाईसाहेब लेकीस पोटाशी घेऊन भिंतीस टेकल्या होत्या आणि राहीबाई लेकराचे तळवे चोळीत होती. तो बाईसाहेब दचकून म्हणाल्या, "अहो, हात लावून पाहा." भवानजीरावांनी हात लाविला. भिंत कोमट होती. पुन्हा दुसरा हात लाविला, मग गाल लाविला, आणि तसेच उभे राहिले. पलीकडे लाकूड नाही हे त्यांस पक्के ठाऊक होते, कारण तो बंदोबस्त त्यांनीच केलेला. मग पलीकडे जळते आहे ते काय, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांस सोसवेना. ते तडक लाकडांच्या वखारीत गेले, हातास येतील ते ओंडके दोरीने बांधिले, मोळी डोईवर घेतली आणि पायी निघाले. चाकर धावले, "सरकार, आम्हांस द्या." ते बोलिले, "हात लावू नका." दोन घरांमध्ये दार नव्हते, म्हणून राहीबाई गेली त्याच वाटेने, भर बाजारातून, थोरले श्रीमंत डोईवर मोळी घेऊन चालिले. धुक्यातून लोकांनी पाहिले आणि दुकानदार उठून उभे राहिले. दसऱ्यास हसलेले हेच लोक, परंतु त्या दिवशी कोणी हसले नाही.

धाकट्यांच्या दरवाजावर पहारेकरी ओरडला, "कोण आहे?"

"मोळीवाला," ऐसे उत्तर आले.

आवाज ओळखून पहारेकऱ्याचा भाला हातातच राहिला. सुभानराव काजळीने माखलेल्या हातांनी बाहेर आले आणि पाहतच राहिले. मग म्हणाले, "दादा, डोईवरचे उतरवा."

"आधी वाट सोड. जाळ विझेल."

सुभानराव बाजूस जाहले. भवानजीरावांनी उंबरा ओलांडिला, माजघरात येऊन मोळी टाकिली, आणि अर्ध्या जळालेल्या पालखीची दांडी पाहिली. ती ओळखली. खाली बसून घाईघाईने एक जाड ओंडका भट्टीत कोंबिला, आणि तो निघाला ओला. माजघरभर धूर जाहला, गजराबाईसाहेब खोकत बाहेर धावल्या, जाळ दबला. तेव्हा सुभानराव भडकून बोलिले, "अहो, एवढे रान तुमचे, आणि तुम्हांस वाळके लाकूड ओळखता येईना? हा जांभूळ आताच तोडलेला आहे, साल पाहा, रस गळतो आहे! काढा तो बाहेर! आधी ढलप्या, मग ऐनाचे वाळके, आणि दाटीने नाही, वारा खेळू द्यावा!" दसऱ्यानंतर भावाने भावास बोललेले एवढे लांब बोलणे हेच पहिले. आणि राज्याचे थोरले धनी, ज्यांस वर मान करून कोणी बोलत नसे, त्यांनी निमूटपणे ओंडका बाहेर ओढिला, हात पोळून घेतला आणि विचारिले, "ही ढलपी चालेल?"

"चालेल. आडवी घाला."

मग चौकी उठविली, गाड्या भरून वाळके लाकूड आले, आणि ती भट्टी पौष गेला, माघ निम्मा गेला तरी थंड पडली नाही. दोघे भाऊ पाळीपाळीने तिच्यापुढे बसत. जाळ केव्हा मोठा करावा, केव्हा निखाऱ्यांवर राख ओढून तोंड झाकावे, यावरून त्यांचे रोज भांडण होई आणि रोज जेवणाच्या वेळेस मिटे. गजराबाईसाहेब पलीकडे जाऊन जावेपाशी बसत आणि लेकीस मांडीवर घेत. लेक कधी दूध पिई, कधी ओकी, आणि एकदा सबंध दिवस डोळा उघडीना तेव्हा दोन्ही घरांत चूल पेटली नाही, भट्टी मात्र पेटलेली होती. दुसऱ्या सकाळी राहीबाई ओट्यावरून ओरडली, "ओढते आहे! दूध ओढते आहे!" आणि भिंतीपलीकडे भट्टीपुढे बसलेल्या दोघा श्रीमंतांनी ते ऐकिले, आणि थोरल्यांनी धाकट्याच्या खांद्यावर डोके टेकिले. ब्राह्मणांनी कन्येचे नाव तेजूबाई ठेविले. परंतु सर्व माणसे तीस शेकूबाई म्हणत, आणि तेच राहिले.

पुढे ऊन पडल्यावर कारभारी दोन्ही सरकारांस म्हणाले, "आता दिलजमाई जाहली आहे, तर मधली भिंत पाडून महाल पूर्ववत एक करावा." दोघे भाऊ तयारही जाहले, पाथरवट बोलाविले. तेव्हा मैनाबाईसाहेब लेकीस कडेवर घेऊन येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंतीस हात लावाल तर खबरदार. दार हवे असेल तर कडेस फोडा." त्याप्रमाणे कडेस दार फोडिले, आणि ते लावावयाचे नाही असे ठरले, परंतु थंडीत वारा येतो म्हणून गजराबाईसाहेबांनी त्यास जाड पडदा शिविला.

पुढल्या वर्षी थंडीच्या पहिल्याच सकाळी सुभानराव भट्टी पेटवून फुंकर घालीत बसले होते. पलीकडे शेकूबाई ओट्यास धरून उभी राहिली, भिंत तापू लागली तसा तिने गाल टेकिला, आणि तोवर एकही शब्द न बोललेले ते लेकरू स्पष्ट बोलिले, "काका."

सुभानराव पडदा सारून धावत आले. "काय म्हणाली? मला हाक मारिली?"

भवानजीराव गंभीरपणे बोलिले, "तुला नव्हे. भिंतीस म्हणाली."

येणेप्रमाणे हकीकत. त्या राज्याने मुलूख जिंकिले नाहीत, कोणा पातशहाने त्यास मानाची खिलत दिली नाही, आणि इतिहासात त्याचे पान नाही. दोघे भाऊ पुढेही भांडत राहिले, परंतु थंडीच्या दिवसांत कधीही दूर बसून भांडले नाहीत. लेखनसीमा.